एका वर्षात दोन चंपाषष्ठ्या

सोलापूर,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. रुपाली,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन मोकळा होतो, म्हणजे पुढे निवांत टोचता येईल.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला 'हो सर' म्हणतेस आणि मला सगळं कळलं असं धरून पुढे जातेस. कागदावर तुला पळता येत नाही. आठवी ते दहावी तू माझ्याकडे संस्कृतची रूपं घोकलीस, वसतिगृहाचं जेवण नको म्हणून दर रविवारी आमच्याकडे जेवलीस, आणि आता करमाळ्याच्या तंत्रनिकेतनात संगणकाच्या पोटात काय असतं ते शिकवतेस. तेव्हा गुरुदक्षिणा मागायला हरकत नाही. मला शिकव.

प्रसंग असा. आमच्या घराण्याचं रेवणसिद्ध पंचांग तुला ठाऊक आहे. छापतात माझे चुलतबंधू भीमाशंकरअण्णा, नवी पेठेमागच्या बोळातल्या त्यांच्या छापखान्यात, संपादन माझं. येत्या पाडव्याला अण्णांनी एकदम शंभर वर्षांचं पंचांग काढायचं ठरवलं आहे. आमचं गणित चालतं ते एका ओळखीच्या बाईंनी सत्तावीस वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर. दरसाल आम्ही पुढच्या एका वर्षापुरतंच काढतो, आणि आजवर एकाही तिथीनं आमची लाज काढलेली नाही. यंदा शंभर वर्षं मागितली. जुना संगणक सकाळी जो घरघरू लागला तो दिवेलागणीला थांबला.

पहिली बारा वर्षं ठीक. २०३८ ची संक्रांत ठीक, सिद्धेश्वराची यात्रा ठीक. पण गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेच्या मैदानावरचे, पाळणे अजून उतरलेही नसतील तोच, १८ जानेवारीच्या सोमवारनंतर एकदम शनिवार उगवतो. २१ तारखेला पौर्णिमा असायला हवी, तिथे पंचमी. पुढे शतक संपेपर्यंत हीच तऱ्हा.

अण्णा म्हणाले, "बाईचं गणित चुकलंय. मुखपृष्ठावर 'गणित' म्हणून तिचं नाव घालून शंभर वर्षांची चूक मी छापणार नाही. बाहेरनं तयार गणित आणतो. हिचं नाव काढ." संक्रांतीनंतर मुखपृष्ठ छपाईला जाईल. तोवर मला सिद्ध करायचं आहे की दोष बाईंचा नसून यंत्राचा आहे.

माझं निदान असं की यंत्र थकतं. दिवसभर हाकलल्यावर मीही सोमवारनंतर शनिवार म्हणेन. वेगवान यंत्र घेतलं तर भागेल का? दुकानाच्या जाहिरातीत गिगाहर्ट्झ असतात आणि चौसष्ट बिट असतात. यातलं कोण काय करतं?

तुझा,
सोमशेखर हिरेमठ

ता. क. — यातलं काही तुझ्या काकूंना बोलू नकोस. उगाच काळजी करतील.

*

करमाळा,
४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

नमस्कार. पळत नाही, बसूनच लिहिते आहे.

आधी एक शंका. त्या ओळखीच्या बाई चहात आलं जरा जास्त घालतात का? आणि त्यांचं नाव धनलक्ष्मी आहे का? कारण तुमच्या माजघरात रविवारी जेवताना मला त्या डब्यासारख्या संगणकासमोर बसलेल्या एकच बाई आठवतात. डाव्या हातानं पोळी लाटायच्या राहिलेल्या कणकेवर ताट झाकायच्या आणि उजव्या हातानं आकडे टाकायच्या. काकूंचं नाव मुखपृष्ठावरून जाणार असेल तर ते वाचवायला मी सुट्टीसुद्धा घेईन.

आता तुमचा प्रश्न. माझ्या बाबांचं उदाहरण घेते, कारण ते मला पुस्तकाआधी कळलं होतं. बाबा रात्री मेंढरं वाघरीत घालतात. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, तुम्ही सांगोल्याच्या माळावर पाहिलं आहे. वाघरीला एक तोंड असतं. बाबा हाक देतात, तोंड उघडतं, काही मेंढरं आत जातात, पुन्हा हाक.

हाका किती भरभर पडतात, तो क्लॉक स्पीड. प्रोसेसरच्या आत ठोका पडत असतो. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. आणि एका हाकेला शेजारीशेजारी किती मेंढरं आत जातात, म्हणजे तोंड किती रुंद, ती यंत्राच्या 'शब्दा'ची रुंदी. सोळा बिट, बत्तीस बिट, चौसष्ट बिट म्हणजे ती रुंदी. एका ठोक्यात यंत्र एवढाच आकडा उचलू शकतं. आकडा त्याहून मोठा असला की त्याचे तुकडे करायचे, एक तुकडा आधी, दुसरा मागून, आणि मधला हातचा लक्षात ठेवायचा. काकूंचा प्रोग्रॅम त्या काळच्या रीतीनं सोळाच्या तुकड्यांत चालत असणार. बत्तीस बिटांचा प्रत्येक आकडा त्याला दोन खेपांत न्यावा लागतो. दिवसभर घरघरण्याचं ते एक कारण.

म्हणून नुसता वेग पाहून फसू नये. अरुंद तोंड आणि भरभर हाका, किंवा रुंद तोंड आणि सावकाश हाका, काम सारखंच निघू शकतं. आणि मेंढरं अजून ओढ्याच्या पलीकडेच असतील तर बाबांनी कितीही भरभर हाका मारल्या तरी आत जायला कोण आहे? स्मृतीतून आकडे वेळेवर आले नाहीत की तीन-चार गिगाहर्ट्झवालाही नुसता हाका मारत उभा राहतो.

(पान उलटा, सर. महत्त्वाचं मागच्या बाजूला आहे.)

यंत्र थकत नाही. कमी वेगाचं यंत्र उशिरा उत्तर देतं, चुकीचं देत नाही. बरोबर गणित सावकाश केलं तरी बरोबरच राहतं. तेव्हा नवं काहीही विकत घेऊ नका. आधी ती चुकलेली पानं छापून मला पाठवा.

काकूंना सांगणार नाही. पण त्यांना कळलं नसेल असं तुम्ही कशावरून धरता?

तुमची,
रुपाली

*

सोलापूर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. रुपाली,

पत्र वाचून इतका आनंद झाला की पहिली बाजू संपताच मी उठलो आणि स्टेशनाजवळच्या दुकानातून नवा संगणक घेऊन आलो. मागची बाजू घरी आल्यावर वाचली.

हसणं संपलं की पुढे वाच.

दुकानदार कल्लप्पा मोठा विद्वान. म्हणाला, "सर, चार पॉइंट आठ गिगाहर्ट्झ हाय, लई पळतंय की. चौसष्ट बिट तर आता सगळ्यातच असतंय." मी त्याला सांगितलं की आमचा प्रोग्रॅम जुना आहे. तर म्हणाला, जुना प्रोग्रॅम यात सरळ चालत न्हाय, पण नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला लावता येतं. लावलं. ज्या कामाला दिवस गेला होता ते चहा निवेपर्यंत झालं. मी अण्णांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले, चष्मा लावला, २०३८ चं पान काढलं.

सोमवारनंतर शनिवार.

"म्हणजे आता चूक लवकर कळते," अण्णा म्हणाले. "प्रगती आहे सोमू."

कानकोंडा झालो, पण तुझा मुद्दा पटला. माझ्या भाषेत सांगतो, बरोबर का बघ. अनुष्टुभ छंदाच्या चरणात आठ अक्षरं बसतात, शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस. अनुष्टुभ कितीही भराभर म्हटला तरी चरणात नववं अक्षर शिरत नाही. एकोणीस अक्षरांचा विचार त्यात घालायचा तर तीन चरण आणि दोन ठिकाणी श्वास. म्हणण्याची गती म्हणजे तुझा ठोका, चरणाची लांबी म्हणजे तुझा 'शब्द'. मी काय केलं, तर अनुष्टुभ म्हणणाऱ्याला अधिक भराभर म्हणायला लावलं. आणि कल्लप्पानं काय केलं, तर शार्दूलविक्रीडित म्हणू शकणारा गडी आणून त्याला अनुष्टुभच म्हणायला बसवलं. इथवर आलो आहे. पण छंद लहान पडला तर अक्षरं उरतील. पौर्णिमेची पंचमी का होईल, ते मला समजत नाही.

छापलेली पानं सोबत जोडली आहेत, डिसेंबर २०३७ ते फेब्रुवारी २०३८ ची. अण्णांनी आज मुखपृष्ठाचा नमुना दाखवला. वर रेवणसिद्धशास्त्री, म्हणजे पंचांग सुरू करणारे आमचे पणजोबा, त्यांचं चित्र. खाली प्रकाशक भीमाशंकर, संपादक सोमशेखर. 'गणित' ही ओळच नाही. मी म्हटलं, इथं जागा मोकळी दिसते. म्हणाले, "मोकळीच बरी दिसते."

तू विचारलं होतंस म्हणून सांगतो: हो, आलं जास्तच घालतात. धनलक्ष्मी लग्न होऊन आली तेव्हा बी.एस्सी. गणित होती, आणि पणजोबांची पद्धत पोथीतून वाचून दाखवणारा मी होतो. मी वाचायचो, ती यंत्राच्या भाषेत उतरवायची. आमच्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं लोक समजतात तशी गेली नाहीत. चंद्राला मंदफल, म्हणजे त्याच्या कमीजास्त गतीची दुरुस्ती, किती द्यायचं यावर भांडण्यात गेली. मुखपृष्ठावरची ती ओळ म्हणजे आमच्या संसाराचा एकमेव छापील पुरावा आहे. ती मी जाऊ देणार नाही, एवढं अण्णांना बोललो नाही, तुला बोलतो.

तिला अजून काही माहीत नाही. नवा संगणक कशाला, म्हणाली. म्हटलं, जुना थकला.

तुझा,
सोमशेखर

*

करमाळा,
२९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

सापडलं. आणि काकूंचं गणित चुकलेलं नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे या वेळी पान उलटायची वाट पाहावी लागणार नाही.

झालं असं. बुधवारी चंपाषष्ठी झाली. आई, म्हणजे बनाबाई, सणासाठी माझ्याकडे आली आहे. करमाळ्यात एकटी लेक खंडोबाला भरीत-रोडगा दाखवेल यावर तिचा विश्वास नाही. ती वांगी भाजत होती, मी तुमची पानं चाळत होते. २२ जानेवारी २०३८ समोर छापलंय: मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी. मी मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "आता गं बया! आन् त्या वर्साची डिसेंबरातली?" ती मागच्या पानावर आहेच, मी म्हटलं. "मंग येका वर्सात दोन? दोनदा रोडगं थापायचं व्हय? सांग तुज्या सरास्नी, वांगी काय फुकट येत्यात?"

मी हसले आणि मग हसू थांबलं. सर, गणित बिघडलं असतं तर कचरा आला असता. तिथी उड्या मारत, वार गोंधळत आले असते. इथं शनिवारनंतर रविवार आहे, पंचमीनंतर षष्ठी आहे, षष्ठीला चंपाषष्ठी आहे. ही पानं शिस्तीत चुकली आहेत. एखाद्या खऱ्याच मार्गशीर्षाची पानं भलत्या जागी येऊन बसावीत तशी.

कोणता मार्गशीर्ष, ते मग काढलं. काकूंच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही ज्याला अहर्गण म्हणता तो, म्हणजे ठरल्या आरंभापासून उलटलेला काळ, दिवसांऐवजी सेकंदांत मोजलेला असणार. आरंभ १ जानेवारी १९७०. हा आकडा ठेवायला बत्तीस घरं. त्यातलं एक घर अधिक की उणे एवढं सांगायला जातं, उरली एकतीस. ती अडुसष्ट वर्षांत भरतात. १९७० मध्ये अडुसष्ट मिळवा. १९ जानेवारी २०३८ च्या पहाटे शेवटचं घर भरतं, पुढचा एक सेकंद येतो, आणि हातचा जातो तो थेट अधिक-उण्याच्या घरात. यंत्र समजतं की आकडा उणे झाला. पुढे अडुसष्ट वर्षं होती, ती मागे अडुसष्ट वर्षं होतात. स्कूटरचा किलोमीटरचा काटा भरल्यावर शून्यावर येतो. हा उलट्या टोकाला जातो. काकूंच्या प्रोग्रॅमला त्या पहाटे वाटलं की आपण १३ डिसेंबर १९०१ मध्ये आहोत.

यात वेगाचा काही संबंध नाही. वेगानं ते घर लवकर भरलं, एवढंच. तुमचं नवं यंत्र चौसष्टांचं खरं, पण प्रोग्रॅम बत्तीसच घरं मागतो, म्हणून त्याला तेवढीच मिळतात. रुंद तोंड असून बाबांनी एकेक मेंढरू सोडलं तर दोष तोंडाचा नाही. प्रोग्रॅम चौसष्टांसाठी नव्यानं बांधला तर दोन गोष्टी होतील. मोठे आकडे तुकडे न करता एका खेपेत जातील. हा वेग रुंदीमुळे येतो, ठोक्यामुळे नाही. आणि सेकंदांची मोजणी सुमारे एकोणतीस हजार दोनशे कोटी वर्षं पुरेल.

आता तुम्ही एक करा. तुमच्या पणजोबांचं शके १८२३ चं पंचांग छापखान्यात असेल का? त्याचा मार्गशीर्ष काढा. माझ्या हिशेबाप्रमाणे 'चुकलेल्या' पानांवरच्या तिथी, मधला फरक, म्हणजे पूर्ण दिवसांवर उरणारे सुमारे साडेसहा तास, वजा करून (तो सोबत मांडून दिला आहे), तिथं जशाच्या तशा असायला हव्यात. असल्या, तर काकूंचं गणित एकशे छत्तीस वर्षं मागे फेकलं गेलं तरी आकाशाला धरून राहिलं, असं होईल.

आई विचारते आहे, रोडगे पाठवू का.

तुमची,
रुपाली

*

सोलापूर,
६ डिसेंबर २०२५

प्रिय रुपाली,

तुझं २९ तारखेचं पाकीट पोस्टमननं माझ्या हातात दिलं. सर शाळेत होते. मी फोडलं नाही. संध्याकाळी त्यांनी फोडलं, तीनदा वाचलं, जाड कोशाच्या मागे ठेवलं, आणि जेवताना मला म्हणाले, "आमटी फार छान झालीय." आमटी मी केलीच नव्हती, त्या दिवशी सार होतं. मग कोशामागून काढून मी वाचलं. त्या फळीवरची धूळ गेली सत्तावीस वर्षं मीच पुसते हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. तुझी आणि त्यांची आधीची पत्रंही तिथंच आहेत.

नाव काढणार, हे मला अण्णांच्या बायकोकडून दिवाळीतच कळलं होतं. मी गप्प राहिले, कारण मी बोलले असते तर अण्णाभाऊजी म्हणाले असते, बाईला राग आला. आकडा बोलला तर त्याला राग आला असं कोणी म्हणत नाही.

तू बरोबर पकडलंस. फक्त एक तुला माहीत नाही. मी पहिल्यांदा काळ पळांत मोजला होता. एक पळ म्हणजे चोवीस सेकंद. पंचांगात घटी आणि पळंच छापतात, त्याहून बारीक कोणाला लागतं? त्याच बत्तीस घरांत पळं सोळाशे वर्षं बसली असती. पण भाऊजी म्हणाले, "पळं कोण विचारतं आता? सेकंद धरा, आधुनिक दिसतं." नवी सून होते, धरले. दरसाल एकच वर्ष काढायचं असायचं, म्हणून कधी नडलं नाही.

आता मी असं केलंय. सेकंद काढून पळं घातली. सर शाळेत गेल्यावर, त्या उडणाऱ्या यंत्रावर. माझ्या प्रोग्रॅमची जुनी प्रत सोबत पाठवते, ती तू तुझ्याकडे चौसष्ट घरांसाठी बांध, सेकंदांतच राहू दे. माझं उत्तर बघू नकोस, तुझं मला सांगू नकोस. दोघींचे शंभर पाडवे आणि शंभर चंपाषष्ठ्या कागदावर काढू, आणि एकाच दिवशी एकमेकींना पोस्ट करू. वीस तारखेला टाकते.

सरांना सांगू नकोस. उगाच काळजी करतील.

काकू

*

करमाळा,
२४ डिसेंबर २०२५

काकू,

तुमचा कागद आत्ता आला. माझा तुम्हाला मिळाला असेल. मी दोनदा ताडून पाहिला, मग आईला एका बाजूनं वाचायला बसवलं. शंभर पाडवे, शंभर चंपाषष्ठ्या, एकही तारीख वेगळी नाही. तुमची अरुंद घरं आणि माझी रुंद घरं एकाच उत्तराला पोहोचली.

आई म्हणते, "येका वर्साला येकच आली न्हवं? मंग झालं."

सरांचं मात्र काहीच पत्र नाही. शके १८२३ सापडलं का?

रुपाली

*

सोलापूर,
१९ जानेवारी २०२६

चि. रुपाली,

उशीर झाला, कारण यात्रेत शाळा, घर आणि पाहुणे यांतलं काहीच जागेवर नसतं. पण तारीख बघ. बारा वर्षांनी याच तारखेच्या पहाटे आपलं पंचांग १९०१ मध्ये जाणार होतं. म्हणून मुद्दाम आज लिहायला बसलो.

शके १८२३ सापडलं. छापखान्याच्या माळ्यावर, शिळाछापाची प्रत, वाळवीनं फक्त आषाढ खाल्लेला. मार्गशीर्ष शाबूत. मी घरी तुझ्या मांडणीप्रमाणे फरक वजा केला आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलो. दोन कागद घेतले. एकावर पणजोबांचा मार्गशीर्ष उतरवलेला, दुसऱ्यावर आपली 'चुकलेली' पानं. दोन्हींवर वर्ष लिहिलं नाही, नाव लिहिलं नाही, अक्षर माझंच. अण्णांपुढे ठेवले.

"अण्णा, यातलं एक चुकलेलं आहे. कोणतं ते सांगा."

अण्णा भिंग घेऊन बसले. गणितात ते कच्चे नाहीत, एवढं त्यांच्यासाठी बोललं पाहिजे. पंचमी, षष्ठी, सप्तमी, बोटानं खाली खाली गेले. मग म्हणाले, "दोन्ही एकच की रे. घटी त्याच, कुठं दोन पळं पुढंमागं. हे एक पणजोबांचं, मला डोळे मिटून कळतं. हे दुसरं कोणाचं?"

"ज्या बाईचं गणित चुकलंय तिचं."

"हौदा?" अण्णा म्हणाले, म्हणजे 'खरंच?'. खरोखर चकित झाले की ते कन्नडमध्ये होतात.

मग मी त्यांना अनुष्टुभ, शार्दूलविक्रीडित, वाघर, बत्तीस घरं, सगळं सांगितलं. तू तिथं असतीस तर माझ्या तोंडून मेंढरं ऐकून धन्य झाली असतीस. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गणित बरोबर, घर लहान. पण एवढ्या हुशार बाईनं सेकंद कशाला धरले? एवढी घरं खातात तर मोठं माप धरायचं की."

दारातून आवाज आला, "मी पळं धरली होती, भाऊजी."

धनलक्ष्मी. हातात कागदांचं भेंडोळं. मला वाटलं होतं ती यात्रेतून बांगड्या घ्यायला गेली आहे.

"सेकंद धरा, आधुनिक दिसतं, असं कोण म्हणालं होतं?"

अण्णांनी भिंग पुसलं. पुष्कळ वेळ पुसलं. "म्हणलो असेन," म्हणाले.

मग तिनं तुमच्या दोघींचे शंभर पाडवे मेजावर मांडले. तेव्हा मला समजलं की माझ्या पाठीमागे दीड महिना एक आख्खी वेधशाळा चालू होती आणि मी तिचा फक्त चहा पीत होतो. माझ्या गुप्त पत्रव्यवहाराबद्दल बाईसाहेब एवढंच म्हणाल्या, "कोशामागं ठेवायचं असेल तर धूळ तरी पुसत जा."

एकोणतीस हजार दोनशे कोटी वर्षांचा हिशेबही करून पाहिला. ब्रह्मदेवाचा एक दिवस चारशे बत्तीस कोटी वर्षांचा. म्हणजे तुझ्या चौसष्ट घरांत त्याचे सदुसष्ट दिवस बसतात. रात्री धरल्या तर महिना होतो. विश्वकर्त्याच्या महिन्याभराच्या रजेची सोय करून ठेवलीस. अण्णांना तेवढं नको होतं. ते म्हणाले, आपण पळांतच छापू, सोळाशे वर्षं माझ्या नातवांना पुरतील. तुझा चौसष्टांचा प्रोग्रॅम मात्र दरसालच्या पडताळणीला राहील. एका बाजूनं काकू, एका बाजूनं तू. मध्ये चूक सापडली तर ती कुठं पळणार?

मुखपृष्ठाचा नवा नमुना काल आला. वर पणजोबा. खाली पहिली ओळ, 'गणित : धनलक्ष्मी हिरेमठ'. दुसरी, 'पडताळणी : रुपाली बिरुदेव वाघमोडे'. हे दुसरं अण्णांनी स्वतःहून घातलं, तुझ्या बाबांचं नाव मला फोन करून विचारून. आईला दाखव. चंपाषष्ठी शंभर वर्षांत शंभरच वेळा येईल, आणि त्यावर तिच्या लेकीची सही आहे, असं सांग.

तिसऱ्या ओळीत प्रकाशक आणि संपादक, म्हणजे अण्णा आणि मी. पण ओळीची रुंदी ठरलेली, आणि दोन पदव्यांसकट दोन पुरुष त्यात मावेनात. छापखान्यातला माणूस विचारू लागला, वरच्या ओळी बारीक करू का?

धनलक्ष्मीनं नमुना हातात घेतला, एकदा पाहिला आणि माझ्या नावाखाली नखानं रेघ ओढली.

"यांना बारीक करा," म्हणाली. "सवय आहे त्यांना."

तुझा,
सोमशेखर

ता. क. — रोडगे मिळाले. एका वर्षात दोनदा चालतील.